पान पिवळं पडलं? खताच्या पोत्याआधी निचऱ्याचं पाणी बघा



कोकोपीटमध्ये ढोबळी, काकडी, टोमॅटो, जरबेरा किंवा नुसती रोपं करणाऱ्यांचे सध्या रोज फोटो येतायत. एक पिवळं पान आणि खाली प्रश्न, "नाना, ही कशाची कमतरता?" एका शब्दात उत्तर मिळावं अशी अपेक्षा असते. ते मी देत नाही, कारण कोकोपीटमध्ये पानावर दिसणारी कमतरता एक असते आणि बॅगेत चाललेली भानगड दुसरीच असते. खत टाकीत भरपूर, बॅगेतही भरपूर, आणि तरी झाड उपाशी. अशा वेळी आणखी खत ओतलं तर झाड जास्तच उपाशी राहतं. यंदा मार्चमध्ये आमच्या भावकीतच हा प्रकार झाला. त्याचे आकडे वहीत आहेत, ते पुढं देतोच. आधी थोडं मुळातून सांगतो.

नवीन मंडळींसाठी ओळख: आम्ही जुन्नर तालुक्यातले. मी दहावी पास. बारा वर्षं भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी करतोय, सगळी रोपं कोकोपीटच्या ट्रेमध्ये. शिवाय १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे.

काळं रान आणि कोकोपीट

काळ्या रानात खत थोडं कमी-जास्त झालं तर जमीन ते पोटात घालते. आठ-पंधरा दिवस तरी पिकाला कळू देत नाही. कोकोपीटला तेवढं पोट नाही. एका बॅगेत जेमतेम काही लिटर भुसा, त्यात दोन-तीन झाडांची मुळं, आणि जे काही खायचं ते आपण ड्रीपने देऊ तेवढंच. दोन दिवस पाणी बिघडलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळाला कळतं आणि आठवड्याने पानाला. आपल्याला कळतं ते पान पिवळं झाल्यावर, म्हणजे सगळ्यात शेवटी.

दुसरी गोष्ट. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. आपल्याकडे पाच किलोच्या विटा येतात त्या बहुतेक तमिळनाडू-केरळातून. त्या भुशात पालाश आणि सोडियम मुळातच असतं. आता हे कसं वागतं ते माझ्या भाषेत सांगतो. कोकोपीट म्हणजे एसटी समजा. गाडी डेपोतून निघतानाच सीटवर पालाश आणि सोडियम बसलेले आहेत. तुम्ही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं की ते जोरकस गडी आत शिरतात, बसलेल्यांना उठवतात आणि स्वतः सीट पकडून बसतात. उठलेला पालाश आणि सोडियम मुळाजवळच्या पाण्यात येतो. म्हणजे तुम्ही दिलेलं कॅल्शियम झाडाला मिळायच्या आधी भुशानेच घेतलं, आणि झाडाच्या वाट्याला न मागितलेला पालाश आणि मीठ आलं.

म्हणून नव्या, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सुरुवातीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची कमतरता दिसते. पालाशची सहसा दिसत नाही. तरी पानाची कड जळलेली बघून लोक ०:०:५० सोडतात. ती कड बऱ्याचदा मिठाने जळलेली असते.

माझ्या नर्सरीची पद्धत अशी. वीट भिजवून फुलवायची. साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवायची, निथळलेल्या पाण्याचा ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग पाच किलोच्या विटेला साधारण १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून रात्रभर मुरवायचं आणि सकाळी परत एक हलकं पाणी काढायचं. म्हणजे सीटवर कॅल्शियम आधीच बसलेलं राहतं, पुढं दिलेलं रोपाला मिळतं. या कामाला एक दिवस जास्त जातो. पण धुतलेल्या भुशातलं रोप आणि न धुतलेल्यातलं रोप शेजारी ठेवलं तर शाळकरी पोरगंही फरक सांगेल.

झाडावर कुठं दिसतंय, ते आधी

पान बघायचंच नाही असं मी म्हणत नाही. पण पानाच्या रंगाआधी त्याची जागा बघा. काही अन्नद्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. ती कमी पडली की खालची पानं आधी बोलतात. काही अन्नद्रव्यं एकदा जिथं बसली तिथून हलत नाहीत. ती कमी पडली की शेंडा बोलतो.

खालच्या, जुन्या पानांवर दिसणारी:
– नत्र: अख्खं पान सारखं फिकट, शिरांसकट. झाड बारीक राहतं.
– स्फुरद: पान गडद, निस्तेज, कधी खालून जांभळट. थंडीत मुळं गारठली तरी असंच दिसतं.
– पालाश: पानाची कड आधी पिवळी, मग करपलेली.
– मॅग्नेशियम: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

शेंड्याकडच्या, नव्या पानांवर दिसणारी:
– लोह: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, जास्त झालं तर पान पांढरट.
– गंधक: नवं पान शिरांसकट फिकट.
– कॅल्शियम: कोवळ्या पानाची टोकं करपतात, पान वेडंवाकडं उघडतं. ढोबळी-टोमॅटोत फळाच्या खालच्या बाजूला तपकिरी, खोलगट डाग.
– बोरॉन: शेंडा मरतो, पान-देठ ठिसूळ होतात.

मॅग्नेशियम आणि लोह यांचं वर्णन बघा, शब्द जवळपास तेच आहेत. फरक फक्त जागेचा. आणि फोटो काढणारा बहुतेक वेळा पान तोडून हातात धरून फोटो काढतो! ते पान खालचं होतं की शेंड्याचं, हे मला कसं कळणार?

पुतण्याची ढोबळी

आता ती हकिकत. थोरल्या भावाचा मुलगा, वय २९. २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस बँकेचं कर्ज काढून उभं केलं. कोकोपीटच्या बॅगांत लाल-पिवळी ढोबळी. जानेवारीपर्यंत माल बघून लोक थांबत होते. आमच्या वाटण्या झाल्यापासून विहिरीच्या पाळीवरून भावाचं आणि माझं बोलणं तुटक. त्यामुळे मी त्या पॉलिहाऊसमध्ये फार जात नव्हतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री नवाच्या सुमारास पुतण्या घरी आला. म्हणाला, "नाना, सकाळी येऊन एकदा बघा. आबा म्हणतायत झाडं उपटून टाक, व्हायरस आलाय." फेब्रुवारीच्या मध्यापासून शेंडे पिवळे पडत होते. एकाने नत्र कमी म्हणून सांगितलं, ते दिलं. दुसऱ्याने मॅग्नेशियम सांगितलं, त्याच्या तीन फवारण्या झाल्या. दुकानदाराने सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या चार बाटल्या दिल्या. शेवटी फळाला डाग यायला लागले तेव्हा कॅल्शियम वाढवलं. दर आठवड्याला काहीतरी नवीन आणि दर आठवड्याला झाड आणखी पिवळं. बँकेचा हप्ता मार्चअखेरचा.

सकाळी गेलो. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. खालची पानं बऱ्यापैकी हिरवी, पण कडा जळायला लागलेल्या. भिंगाने पानाची खालची बाजू बघितली. थ्रिप्सने पान वर वळतं, कोळीने खाली वळतं, आणि लोक दोन्हीला कमतरता समजतात. इथं दोन्ही किरकोळ होते. व्हायरस असता तर काही झाडं जास्त, काही कमी, असं ठिगळासारखं दिसलं असतं. इथं सगळं पॉलिहाऊस एकसारखं पिवळं होतं. सगळीकडे एकसारखं दिसलं की माझा संशय पाण्यावर जातो, कारण सगळ्या झाडांना सारखं मिळतं ते पाणीच.

एक बॅग बाजूने कापून मुळं बघितली. पांढरी कमी, तपकिरी जास्त, पण वास चांगला. कुजलेली नव्हती. मग मीटर काढले. आकडे असे:

– ड्रीपरमधून येणारं खताचं पाणी: ईसी ३.२, पीएच ७.८
– बॅगेतून निथळणारं पाणी: ईसी ५.१, पीएच ७.५
– नुसतं बोअरचं पाणी: ईसी १.२

पुतण्याला विचारलं, "पाणी कधी बदललं?" तो म्हणाला, "आवर्तन बंद झालं, विहीर तळाला गेली, मग फेब्रुवारीत बोअर चालू केला." विहिरीचं पाणी ०.४ चं होतं. त्यात १.६ चं खत मिळून २.० व्हायचं. पाणी १.२ चं झालं, खत तेवढंच राहिलं, म्हणजे २.८. पान पिवळं दिसलं म्हणून आणखी खत, म्हणजे ३.२. आणि बोअरला पाणी कमी म्हणून पाळ्या कमी केल्या, त्यामुळे निचरा जवळपास बंद. मीठ आत येत राहिलं, बाहेर जायची वाट नाही.

आता या एका गोष्टीतून दोन "कमतरता" कशा झाल्या ते बघा.

लोहाची: बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त, पीएच साडेसातच्या वर. दुकानातल्या बाटलीतलं लोह ईडीटीएमधलं होतं. पीएच साडेसहाच्या वर गेला की ते लोह टिकेनासं होतं. म्हणजे दिलं तरी मुळाला ते नसल्यातच जमा.

कॅल्शियमची: कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. मुळाभोवती मीठ इतकं की झाडाला पाणीच ओढता येईना. जे थोडं वर चढतं ते पानं खेचून घेतात, कारण बाष्प पानातून जास्त उडतं. फळाच्या वाट्याला काहीच येत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम होतं, टाकीत होतं, बॅगेत होतं. फळात नव्हतं. आणि वरून आणखी कॅल्शियम नायट्रेट सोडल्याने ईसी वाढून फळाचं आणखी तुटलं.

तरी मी नुसत्या अंदाजावर गेलो नाही. पाच झाडांवर एकेक पिवळं पान धरलं. फेरस ईडीटीए लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन कापसाच्या बोळ्याने पानाच्या फक्त अर्ध्या भागाला लावलं आणि दोरा बांधून ठेवला. पाचव्या दिवशी पाचपैकी चार पानं अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. आबांना नेऊन दाखवलं. बराच वेळ त्यांनी पान हातात धरलं. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे व्हायरस नाही." झाडं उपटायचा विषय तिथं संपला.

उपाय आणि त्याची किंमत

पाच दिवस वाट बघत बसलो नव्हतो. मीठ काढायचं काम त्याच दिवशी सुरू केलं. त्याला चांगलं पाणी लागतं आणि ते फक्त माझ्या शेततळ्यात होतं. पावसाळ्यात भरून ठेवलेलं, ईसी ०.४. ते मी उन्हाळी टोमॅटोच्या रोपांसाठी राखून ठेवतो, त्यावर माझी नर्सरी जून गाठते. घरात बोलणं झालं. बायको म्हणाली, "रोपांची एक बॅच कमी करू, उभं पीक उपटण्यापेक्षा बरं." तसंच केलं. दोन शेतकऱ्यांची बुकिंगं परत केली, त्यांना दुसऱ्या नर्सरीचा नंबर दिला. रात्रीच्या लाईटवर आमच्या शेततळ्यातून पाइप टाकून पुतण्याच्या टाकीत पाणी घेतलं.

काय केलं ते क्रमाने:

१. पहिले दोन दिवस शेततळ्याच्या पाण्यात हलकं कॅल्शियम नायट्रेट, एकूण ईसी १.० च्या आसपास, पीएच ५.८. छोट्या छोट्या पाळ्या, निम्मं पाणी निथळेपर्यंत. अगदी कोरं पाणी सोडलं नाही. कोकोपीट धुताना थोडं कॅल्शियम बरोबर असलेलं बरं, सीटवरचं सोडियम उठतं.

२. निचऱ्याचा ईसी ५.१ वरून ३.४ आणि मग २.६ वर आला. तिथून पुढं रोजचं खत. निम्मं शेततळ्याचं आणि निम्मं बोअरचं पाणी मिळून ०.८, त्यात १.२ चं खत, एकूण २.०.

३. पीएच फॉस्फोरिक अॅसिडने ५.८ ते ६.० वर. आधी २० लिटरच्या बादलीत सिरींजने थोडं थोडं टाकून माप काढलं. अर्ध्या तासाने परत मोजायचं, कारण पाण्यातला वायू उडाला की पीएच पुन्हा चढतो. अॅसिड नेहमी पाण्यात टाकायचं, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा घालूनच. अॅसिडमधून स्फुरद जातं, म्हणून तेवढं १२:६१:०० कमी केलं.

४. लोह ईडीडीएचएमधलं दिलं. चढ्या पीएचलाही ते टिकतं. पाण्याला लालसर रंग येतो, घाबरू नका.

५. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत, सल्फेट आणि फॉस्फेटची खतं दुसऱ्या टाकीत. घट्ट द्रावणात ती एकत्र आली की चुनखडीसारखा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तुमचं खतच.

६. डाग पडलेली फळं सगळी काढून टाकली. ती परत चांगली होत नाहीत, नुसतं झाडाचं खातात. ११ क्रेट फळं बांधावर टाकताना पुतण्याचं तोंड बघवत नव्हतं.

दहाव्या दिवशी नवी पानं हिरवी निघाली. जुनी पिवळी पानं बऱ्याच ठिकाणी पिवळीच राहिली. तिकडे बघून परत औषध मारायचं नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. नव्या फळावरचे डाग बंद व्हायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात माल निम्म्यावर आला. हप्ता मार्चअखेर पूर्ण भरता आला नाही, थोडा एप्रिलमध्ये गेला. पण झाडं उभी आहेत आणि तोडा चालू आहे.

निचरा कसा बघायचा

यासाठी मोठा खर्च नाही. एक ईसी मीटर, एक पीएच मीटर, पीएच मीटर तपासायच्या ४ आणि ७ च्या पुड्या, एक ट्रे, एक वही.

एका बॅगेखाली ट्रे ठेवा. कोपऱ्यातली किंवा दारालगतची बॅग नको, मधल्या ओळीतली घ्या. शेजारी एक ड्रीपर बाटलीत सोडा, म्हणजे आत किती गेलं ते कळेल. रोज एकाच वेळी मोजा. १०० भाग पाणी दिलं तर उन्हाळ्यात २० ते २५ भाग निथळलं पाहिजे. बॅग नसून कुंडी किंवा ट्रे असेल तर पाणी दिल्यावर तासाभराने वरून थोडं शुद्ध पाणी ओता आणि खाली निथळेल ते मोजा.

– निचऱ्याचा ईसी दिलेल्यापेक्षा खूप वर: मीठ साठतंय. खत वाढवू नका, निचरा वाढवा.
– निचऱ्याचा ईसी दिलेल्यापेक्षा खाली: झाड खरंच भुकेलं आहे. इथं खत वाढवायला जागा आहे.
– ईसी ठीक, पीएच साडेसहाच्या वर: शेंडा पिवळा असेल तर आधी पीएच.
– ईसी, पीएच दोन्ही ठीक आणि तरी पिवळं: मुळं बघा. बॅग सतत चिंब असेल तर मुळाला हवा नाही, आणि हवा नसली की लोह असूनही उचललं जात नाही. पाणी कमी वेळा नव्हे, कमी कमी वेळाचं द्या.

एवढं सगळं बघूनही कोडं सुटलं नाही तर पानदेठ आणि पाणी दोन्हीचं परीक्षण करून घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आणि पाणी बदललं, म्हणजे विहिरीवरून बोअरवर किंवा टँकरवर गेलात, की पहिल्या दिवशीच नुसत्या पाण्याचा ईसी, पीएच मोजा. खताचं गणित तिथून परत मांडायचं.

पुतण्याकडे आता वही सूनबाई लिहिते. रोज सकाळी आठ वाजता दोन आकडे आत जाणाऱ्या पाण्याचे, दोन बाहेर येणाऱ्याचे. परवा तिचाच फोन आला, "नाना, निचरा २.९ झालाय, पानं अजून हिरवी आहेत. एक पाळी वाढवू का?" म्हणलं, वाढव. पान पिवळं व्हायच्या आठवडाभर आधी तिला कळलं होतं.

यापुढं फोटो पाठवताना पान झाडावरच ठेवून काढा, आणि सोबत पाणी कुठलं, आत किती, बाहेर किती, एवढं लिहा. मग बोलू.